विषाची झडती

ज्या यकृताने अमोनियाचे युरियात रूपांतर करून तो मूत्रपिंडांकडे रवाना करण्याचे काम जन्मभर बिनतक्रार केले, आणि ज्या मूत्रपिंडांनी दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळून त्यातला दीड-दोन लिटरच काय तो बडतर्फ केला, त्यांच्या दफ्तराची झडती घेण्याचा अखत्यार उद्यानाच्या फाटकाशी उभ्या असलेल्या रसविक्रेत्यास कोणत्या सनदेने मिळाला, हे अंगातले विष निघावे म्हणून प्रातःकाळी तेथे दुधीच्या रसाच्या पेल्यासाठी तिष्ठणारे सद्गृहस्थ विचारीत नाहीत. दुधी कडू निघाला तर तो अधिकच शुद्धिकारक, असा त्यांचा सिद्धान्त. वस्तुतः तो कडूपणा कुकुरबिटासिन नामक विषाचा, आणि अशा रसाने माणसे दगावल्यानंतर कडू रस पिऊ नका, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या समितीस बजावावे लागले. परंतु रोख पैसे मोजलेला पेला ओतून देणे आमच्या मध्यमवर्गीय संस्कारांत बसत नाही.