डोंबिवलीत गोळी झाडण्यापूर्वी

रविवारची जेवणं उरकली, टेबल पुसून फासे मांडले आणि भूमिका वठवायचा खेळ (रोल-प्लेइंग गेम) आजच्या काळातला, ठाणे-कल्याण पट्ट्यातला ठरला, की पहिल्या अर्ध्या तासात भांडण होतंच: एका गोळीत माणूस मरतो की नाही? खेळ चालवणाऱ्या, म्हणजे गेम मास्टर झालेल्या जिवाला पुढील सूचना उपयोगी पडाव्यात.

आधी इतिहास पाठ करा. निम्मे वादपटू तेवढ्यानेच थंड होतात. 1974 च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये सुरी असो वा कुऱ्हाड, घाव सहा बाजूंच्या एकाच फाशाचा. पुढच्या वर्षी 'ग्रेहॉक' पुरवणीने शस्त्रागणिक फासे निराळे केले. पण पातळीबरोबर हिट पॉइंटही, म्हणजे इजा सोसायची क्षमताही, चढत असल्याने मुरलेला योद्धा सुरीचे दहा वार खाऊन 'आता माझी पाळी' म्हणतो. राक्षसाच्या गुहेत हे खपतं, डोंबिवलीच्या फडके रोडवर नाही. 2002 च्या 'डी-ट्वेंटी मॉडर्न'ने तोड काढली: एकाच फटक्यात प्रकृतीच्या गुणांपेक्षा जास्त इजा झाली तर बचावाचा फासा टाका, हुकला की आडवे. 'कॉल ऑफ क्थुलू'त तर हिट पॉइंट असतात दहा-बारा, त्यामुळे शहाणे लोक पळतात. कमी हिट पॉइंटचा हाच नियम घ्या.

एवढ्यावर खरेपणा आला असं समजू नका. पिस्तूल आणणार कुठून? अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, पण तिथे काउंटर नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना हवा, आणि तो ठाण्याच्या पोलीस आयुक्तालयातून. अर्जातल्या 'कारण' या रकान्यात 'झोंबी' लिहू देऊ नका. सिनेमातलं नऊ एमएम सामान्य नागरिकाला निषिद्ध. बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरवर समाधान मानायला लावा. चारित्र्य पडताळणीसाठी तीन रविवार राखून ठेवा. तेवढ्यात आचारसंहिता लागली, तर मिळालेलं शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस काढा. कुणी हुशारीने कोयता मागेल, कारण शेतीची अवजारं कायद्याने वगळली आहेत. द्या. मात्र शेत नक्की कुठल्या सोसायटीत, हे हवालदाराला विचारू द्या.

गोळी सुटलीच, तर खेळ तिथून सुरू होतो. आधी मोबाइल वर करून उभी राहिलेली गर्दी, मग पंचनामा, मग रुग्णालयात 'पोलीस केस आहे का?' आणि शेवटी जामीनदार शोधणे. जामीनदारासाठी वीस बाजूंचा फासा वापरावा. वीसच पडले पाहिजेत.

राहिला कशाने किती इजा होते त्याचा, म्हणजे घातकतेचा तक्ता. जुन्या नियमात उंचावरून पडल्यास दर दहा फुटांना एक फासा. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी रुळांवर पडले, काहींचा जीव गेला. उंची दहा फूटसुद्धा नव्हती आणि शस्त्र कुणाकडेच नव्हतं. सकाळची फास्ट लोकल तक्त्यात पहिली लिहा, पिस्तूल तिच्या बरंच खाली.