चार देश आणि एक क्विंटल तेरा किलो

गेल्या दसऱ्याला आमच्या धनज गावात एका आंतरराष्ट्रीय मोहिमेची घोषणा झाली. घोषणा चहाच्या टपरीवर झाली, म्हणून ती गंभीरपणे घ्यावी लागली. ग्रामसभेतल्या घोषणा गाव विसरतं, टपरीवरच्या विसरत नाही, कारण उधारीची वही तिथंच असते.

"दहा दिवसांत चार देश," मोबाईलवरच्या ग्रुपाचा ॲडमिन म्हणाला. "बॅकपॅकिंग!"

"म्हंजे काय बे?"

"पाठीवर बॅग मारायची अन् निंघायचं. टूरवाला नाही, गाडी नाही, मोठं हॉटेल नाही. कमी पैशात जास्त देश."

'कमी पैशात' हे दोन शब्द ऐकताच वाशिम जिल्ह्यातला कोणताही माणूस विचार करायला बसतो. रात्री नऊपर्यंत 'चलो चार देश' नावाच्या ग्रुपात ३२ जण जमा झाले. त्यांतले पाच जण जाणार होते. उरलेले २७ सूचना करणार होते.

चार देश कोणते, तर नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि सिक्कीम. गावातले निवृत्त मास्तर ग्रुपात होते म्हणून बरं. सिक्कीम १६ मे १९७५ रोजी भारतात आला आणि आपलं २२वं राज्य झाला, असं त्यांनी लिहून कळवलं. ॲडमिननं उत्तर दिलं, "पन्नास वर्षं उशीर झाला ना बाप्पा आपल्याले." एक देश असा तिकीट न काढताच संपला. ग्रुपाचं नाव मात्र तेच राहिलं. अनुप्रास जुळला होता.

आखणी तशी हुशारीची होती. बडनेऱ्याला एसटीनं जायचं, तिथून गीतांजली एक्सप्रेसनं हावडा गाठायचं, मग सियालदहहून दार्जिलिंग मेलनं न्यू जलपाईगुडी. तिथं सिलिगुडीचा चिंचोळा पट्टा आहे. एका अंगाला नेपाळ, दुसऱ्या अंगाला बांगलादेश, आणि मधे भारत सगळ्यात अरुंद जागी जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. पूर्वेला थोडं सरकलं की भूतानचं दार. नकाशा पाहून गावकऱ्यांना अजिबात नवल वाटलं नाही. आम्ही सीमेवरचीच माणसं. अमरावती अन् यवतमाळ जिल्हे आमच्या शेजाराला, आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम वेगळा निघाला तेव्हा आम्ही ओट्यावर बसल्या बसल्या जिल्हा बदललेला आहे. पासपोर्ट कोणी विचारला नव्हता.

पहिला पेच पडला बॅगेचा. मोबाईलवर बॅगा पाहायला सुरुवात झाली. चाळीस लिटर, पन्नास लिटर, साठ लिटर.

"लिटर?" एकानं विचारलं. "बॅगीत पाणी भराचं हाय काय?"

"लिटर तं पंपाचं असते," दुसरा म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. आमच्याकडे पाठीवर जे घेतात ते लिटरमध्येच मोजतात. फवारणीचा बॅटरी पंप सोळा लिटरचा असतो. औषधपाणी भरला की वीस किलोच्या घरात जातो, आणि तो पाठीला लावून माणूस सोयाबीनच्या तासातून सकाळपासून दुपारपर्यंत चालतो. पुस्तकी भाषेत याला बॅकपॅकिंग म्हणत नाहीत, कारण शेवटी फोटो काढत नाहीत.

तरी पाचांपैकी एकानं हौसेनं सामान बांधून पाहिलं. तिखट, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, एक किलो तूरडाळ (तिकडं वरण भेटलं नाही तर?), सतरंजी, चादर, टॉवेल, तीन चार्जर, आणि वेगळ्या कप्प्यात दहा दिवस पुरेल इतक्या तंबाखूच्या खऱ्ऱ्याच्या पुड्या. अडत्याच्या काट्यावर बॅग ठेवली. बावीस किलो भरली. काट्यावरचा हमाल सवयीनं म्हणाला, "वजनातून किलोभर कट्ता कापा लागल." घर सोडून जायचं म्हणणारा गडी घरच पाठीवर घेऊन निघाला होता. जाणकार सांगतात की पाठीवरचा प्रवासी सात-आठ किलोंत दुनिया हिंडतो. दरवर्षी शेगावहून पंढरपूरला पायी जाणारा, जातानाचेच सातशेहून जास्त किलोमीटर तुडवणारा आमचा वारकरी तर एका पडशीत महिना काढतो. पण पडशीचा फोटो ग्रुपात टाकता येत नाही.

दुसरा पेच भूतानचा. भूतान हा आनंद मोजणारा देश. दुनिया सकल राष्ट्रीय उत्पन्न मोजते, ते सकल राष्ट्रीय आनंद मोजतात. भारतीयांना तिथं व्हिसा लागत नाही हे वाचून टपरीवर टाळ्या पडल्या. पुढची ओळ मास्तरांनी वाचली. भारतीय पर्यटकाला तिथं 'शाश्वत विकास शुल्क' द्यावं लागतं, माणशी, प्रत्येक रात्रीचे १२०० रुपये. राहणं-खाणं वेगळं.

"झोपाचे बाराशे?"

"झोपायचे नाहीत. नुसते असण्याचे," मास्तर म्हणाले.

धनजात परदेशी चलन सोयाबीनमध्ये बदलून घेण्याची पद्धत आहे. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये. पाच रात्रींचे सहा हजार, म्हणजे एक क्विंटल तेरा किलो. हा हमीभावाचा हिशोब झाला. बाजारात काय मिळतं ते धरलं तर भूतान आणखी थोडा दूर जातो. पाच जणांचं साडेपाच क्विंटलच्या वर. एवढं सोयाबीन देऊन आनंद घ्यायचा, तर तो परत येताना पोत्यात भरून आणता येतो काय, अशी रास्त चौकशी एकानं केली. दुसऱ्यानं विचारलं, "तिथं खर्रा चालते काय?" भूताननं २००४ साली तंबाखूच्या विक्रीवर बंदी घातली होती आणि ती उठवली २०२१ मध्ये, असं मास्तरांनी सांगितलं. सतरा वर्षं अख्खा देश तंबाखू न विकता आनंदी होता, हे ऐकून टपरी सुन्न झाली. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, हे कोणी बोललं नाही. टपरीवर बसून ते बोलायचं नसतं.

तिसरा पेच बांगलादेशचा. त्याला व्हिसा लागतो. व्हिसा म्हटला की पासपोर्ट आला. पासपोर्टची फी १५०० रुपये, म्हणजे अठ्ठावीस किलो. पाचांपैकी एकानं हिंमत करून अर्ज भरला. रीतीप्रमाणे चौकशीला पोलीस घरी आले. गावात पोलीस एखाद्याच्या दारात उभे राहिले की 'पासपोर्ट' हा शब्द कोणाच्याच मनात येत नाही. संध्याकाळपर्यंत तीन कथा तयार झाल्या. पहिलीत ऑनलाइन फसवणूक होती, दुसरीत ट्रॅक्टर होता, तिसरीत मुलगी होती. दोन दिवसांनी त्याच्या होऊ घातलेल्या सासरहून फोन आला, "पोरगा तसा चांगला हाय ना?" पासपोर्ट घरी आला आहे. सोयरिकीचं अजून कळलेलं नाही.

राहता राहिला नेपाळ. नेपाळ म्हणजे आपलं घरच, असं सगळ्यांचं मत. व्हिसा नाही, शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी होतात, आणि पशुपतीनाथ. पशुपतीनाथाचं नाव निघताच ग्रुपातल्या सूचनाकारांच्या आया आणि मोठ्या आया जाग्या झाल्या. "देवाले चाल्ले तं आमाले घेऊन जा." पाचाचे अकरा झाले, बॅकपॅकिंगची यात्रा झाली, आणि बॅगेत उपासाची भगर आली. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढं पंधरा मिनिटं चालतं. नऊच्या बैठकीला पावणेअकराला येणाऱ्या आमच्या ग्रुपासाठी ही सगळ्यात मोठी सांस्कृतिक दरी होती.

पण पेच निघालाच. नेपाळात शिरायला भारतीयाजवळ पासपोर्ट किंवा मतदान कार्ड हवं. आधार चालत नाही. टपरीचा विश्वास बसेना. ज्या आधारावर रेशन मिळतं, पीकविमा भरतो, सिम निघतं, बारशापासून स्मशानापर्यंत ज्याची झेरॉक्स लागते, ते आधार नेपाळच्या सीमेवरच्या मेची नदीच्या पुलावर निराधार! मतदान कार्ड शोधायला पाचही जण घरी गेले. एकाचं सापडलं नाही. एकानं तेविसावं लागलं तरी काढलंच नव्हतं, मात्र प्रत्येक निवडणुकीत तो प्रचार करतो. एकाच्या कार्डावरचा फोटो पाहून त्याची आईच म्हणाली, "हा कोन व्हय?"

आधाराला एक अपवाद आहे. पंधरा वर्षांखालची पोरं आणि पासष्टीपुढची माणसं यांना आधार दाखवून नेपाळ आणि भूतानला जाता येतं. २०१९ साली गृह मंत्रालयानं तसं जाहीर केलेलं आहे. म्हणजे धनजातले जायला आतुर सगळे अपात्र, आणि पात्र माणसं एक तर शाळेत, नाही तर पारावर.

एवढं करूनही कागद जमले असते. तारीख जमली नाही. जून-जुलैत पेरणी आणि डवरणी. ऑगस्टात फवारणी. सप्टेंबरच्या शेवटाला सोयाबीनची सोंगणी सुरू होते, ती काढणीसकट दिवाळीला टेकते. दिवाळीत हाती चार पैसे येतात, आणि तेव्हाच हरभऱ्याची पेरणी असते. त्यानंतर ओलित, तेही रात्रीचं, कारण वीज रात्री येते. जानेवारीत तूर निघते, फेब्रुवारी-मार्चात हरभरा. मग लग्नं. मे महिन्यात दहाच काय वीस दिवस रिकामे असतात, पण तेव्हा पीककर्जाचं नवं-जुनं करायचं असतं आणि खिशात हात घातला तर शिवणच लागते. पगारदार माणसाला वर्षाला रजा असतात, विद्यार्थ्याला सुट्या असतात. सोयाबीनवाल्याला ज्या महिन्यात पैसा भेटतो त्या महिन्यात वेळ नसतो, आणि वेळ भेटतो तेव्हा पैसा गेलेला असतो. कमी पैशातली म्हणून ज्या सहलीची ख्याती आहे, तिला पैशापेक्षा दहा रिकामे दिवस जास्त लागतात. ते बाजार समितीत मिळत नाहीत.

ही सगळी चर्चा पारावरून एक जण ऐकत होते. आबाजी, वय नव्वद.

"आबाजी, तुमी कधी परदेशात गेलते काय?" कोणीतरी गमतीनं विचारलं.

"गेलतो ना. मोगलाईत. बैलबंडीनं."

हसण्याआधी इतिहास पाहावा लागतो. आमचा वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात होता. १९०२ मध्ये तो निजामाकडून कायमच्या पट्ट्यानं घेतला गेला. पण पैनगंगेपलीकडं खुद्द निजामाचं राज्य होतं, ज्याला जुनी माणसं मोगलाई म्हणत. तिथलं नाणं वेगळं, हाली शिक्क्याचं. शंभर इंग्रजी रुपयांना एकशे सोळाच्या वर हाली रुपये मिळत. जकातीचं खातं वेगळं, त्याचं नाव करोडगिरी. सप्टेंबर १९४८ पर्यंत उमरखेडकडून नदी उतरून हदगावला सोयऱ्याच्या लग्नाला जाणं म्हणजे राज्य बदलणं होतं. दहा वर्षांचे आबाजी बापाच्या बंडीत बसून दारव्हा, दिग्रस, पुसद करत गेले होते.

"नाक्यावर सामान उपसून पाहे," आबाजी म्हणाले. "पैसे बदलून घ्या लागत. पडशीत भाकरी, ठेचा. लागले चारपाच दिवस. वापस आलो तं पऱ्हाटी फुटेल होती."

टपरी बराच वेळ गप्प होती. सीमा, जकात, चलनाचा भाव, पाठीवरची पडशी, कमी पैसा. मोबाईलमध्ये वाचलेलं सगळं या म्हाताऱ्यानं अर्ध्या चड्डीत केलेलं होतं.

मग मास्तरांनी हिशोब मांडला. आबाजींचं वय पासष्टीच्या पुढं, म्हणून आधार चालतं. पंचाहत्तरीच्या पुढं, म्हणून ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीही फुकट, बडनेऱ्यापर्यंतचा खर्च शून्य. वावराची वाटणी पोरांत झालेली, म्हणजे ओलिताचा फेरा नाही. पडशी चार किलोंची. तंबाखू नाही, फक्त पान. भूतानी लोक दिवसभर पान, सुपारी आणि चुना खातात, त्याला डोमा म्हणतात, हे सांगितल्यावर आबाजी म्हणाले, "मंग चांगलाच मुलूख हाय." रात्रीच्या बाराशे रुपयांचंही त्यांनी ऐकून घेतलं. "रातचेच लागते ना? मंग दिवसा पाहू अन् रातच्याले बाहीर येऊन झोपू."

'चलो चार देश' ग्रुप अजून चालू आहे. त्यात सकाळी फुलांची चित्रं येतात आणि दुपारी सोयाबीनचे भाव. मोहीम तूर निघेपर्यंत पुढं ढकलली आहे. कोणत्या वर्षाची तूर, हे ॲडमिननं लिहिलेलं नाही.

आबाजींची पडशी मात्र खुंटीला भरून टांगलेली आहे. बडनेऱ्याच्या फलाटावर हात धरून गाडीत चढवायला त्यांना एक सोबती पाहिजे. मतदान कार्ड असलेला, खर्रा न खाणारा, आणि हरभऱ्याला ओलित नसलेला. वाचकांपैकी कोणी असल्यास धनजच्या टपरीवर येऊन भेटावे. चहा उधारीवर मिळेल.