ओकिकूची रजा

जपानी मुलींची नावं मोठी गोड. हाना म्हणजे फूल, किकू म्हणजे शेवंती, युकी म्हणजे बर्फ. विसाव्या शतकात नावाच्या शेवटी 'को' लावायची लाट आली आणि घरोघरी हानाको, युकिको नांदू लागल्या. अशी लाडाची नावं ठेवून जपानी लोककथांनी या बायकांचं केलं काय? तर भूत!

त्यापेक्षा आपली हडळ सुखी. पाय उलटे असतील, पण चिंचेवर बसून राहायचं, डोक्याला ताप नाही. जपानी भुताला मेल्यावरही घरकाम सुटत नाही. क्योतोची एक गोष्ट घ्या. रोज रात्री एक फिकट बाई दुकानात येऊन एका नाण्याची मिठाई न्यायची. सहा रात्री नाणी पुरली, सातव्या रात्री संपली. दुकानदार मागोमाग गेला तर थेट स्मशानात. थडग्यात तान्हं बाळ रडत होतं. वैतरणी ओलांडायला दिलेली सहा नाणी आईनं पोराच्या खाऊवर उडवली होती. ती मिठाई क्योतोत अजून विकतात.

१९०४ साली लेखक लाफकाडियो हर्ननं 'क्वाइदान' या कथासंग्रहात सांगितलेली हिमस्त्री तर माणसांना गोठवून मारणारी. एका लाकूडतोड्याला जीवदान देते, वर तोंड उघडलंस तर मारीन म्हणून दम भरते. पुढं त्याच्याशीच लग्न करते, नाव सांगते ओ-युकी. तरी त्या भल्या माणसाला संशय नाही! दहा पोरं होतात. एका रात्री ती दिव्याशी शिवत बसलेली असताना हा ते गुपित तिलाच सांगतो. ती उसळते, पण मारत नाही. पोरांना नीट सांभाळ, एवढं बजावून वितळून जाते.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती दोन तोंडांची बाई. एका चिक्कू माणसाला न जेवणारी बायको हवी होती. मिळाली. दिवसभर राबायची, घासाला शिवायची नाही, तरी तांदूळ भराभर संपायचे. लपून पाहिलं तर केस मोकळे सोडून बाई डोक्यामागच्या तोंडात भाताचे गोळे कोंबत होती. या गोष्टीत घाबरायचं बायकोला असतं म्हणे. मला तर त्या माणसाची मागणीच जास्त भुताटकीची वाटते.

आणि ओकिकू! मालकाच्या दहा उंची थाळ्यांपैकी एक नाहीशी झाली, आळ या मोलकरणीवर आला, तिला मारून विहिरीत टाकलं. तेव्हापासून ती रोज रात्री थाळ्या मोजते आणि नवापाशी आली की किंचाळते. हिमेजीच्या किल्ल्यात तिची विहीर दाखवतात.

जपानच्या राकुगो या विनोदी कथनकलेतल्या कथाकारांनी मात्र तिची गंमत केली. नऊ ऐकलं की माणूस मरतो, म्हणून तिला बघायला आलेले लोक आधीच पळायचे. गर्दी वाढत गेली, ओकिकू लोकप्रिय झाली. एका रात्री कुणाला हलताच येईना. बाईंचं सात झालं, आठ झालं, नऊ झालं, पुढं थेट अठरापर्यंत. हे काय म्हणून लोकांनी विचारलं, तर म्हणाली, उद्या रजा आहे, उद्याच्या आजच मोजून ठेवल्या.

गावाला निघण्याआधी दोन दिवसांची भाजी करून फ्रिजमध्ये ठेवणाऱ्या तमाम भगिनींनो, आपली कुलदेवता सापडली!