मुदपाकखान्याची कैफियत

ज्या रस्त्याने जावे त्या रस्त्यावर ‘घरगुती जेवण मिळेल’ अशी पाटी दिसावी, आणि ज्या घरी पाहुणे म्हणून जावे त्या घरी यजमानीणबाईंनी पनीरच्या भाजीची वाटी पुढे सरकवीत ‘अगदी हॉटेलसारखी झाली आहे की नाही?’ असे मोठ्या अभिमानाने विचारावे, या दुहेरी चमत्काराचा उलगडा अर्थशास्त्रज्ञांनी करावयाचा की वैद्यांनी, याचा निर्णय अद्याप लागलेला नाही. हॉटेल घर विकते आहे, घर हॉटेलची नक्कल करते आहे, आणि दोन्हीकडे बरकत आहे. २०१६ साली केंद्र सरकारने ‘उज्ज्वला’ योजना काढून गोरगरीब स्त्रियांच्या डोळ्यांत जाणारा चुलीचा धूर बंद करण्याचे कार्य हाती घेतले. त्याच काळात शहरातील सुखवस्तू मंडळी रविवारी मोटारी बाहेर काढून हमरस्त्यावरच्या धाब्यांवर ‘चुलीवरचे मटण’ खाण्यास जाऊ लागली, आणि ज्या धुरापायी त्यांच्या आज्यांनी जन्मभर डोळे पुसले त्याच धुराचा जादा आकार बिनतक्रार भरू लागली.

अशा या काळात कोथरूडमधील, आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात गेल्या दिवाळीला जो दावा उभा राहिला, त्याची हकीकत दप्तरी राहावी म्हणून हा लेखप्रपंच. फिर्यादी आजोबा, वय ऐंशीच्या पुढे. प्रतिवादी सूनबाई, एका बँकेत अधिकारी. आणि तक्रारीचा विषय असा, की यंदाची चकली घरच्या सोऱ्यातून पडली नसून शेजारच्या इमारतीतील एका बाईंकडून किलोच्या भावाने आली, सबब घराण्याच्या परंपरेस बाध आला. आजोबांनी आयुष्यात पळी हाती धरल्याचा पुरावा उपलब्ध नाही; परंतु आमटीत गूळ किती असावा, पुरणपोळीच्या कडेपर्यंत पुरण कसे पोहोचावे आणि साखरभात कोणत्या क्षणी उतरवावा, या विषयांवर त्यांचा अधिकार गेली पन्नास वर्षे निर्विवाद मानला जातो. यात नवल करण्यासारखे काही नाही. मराठीतील आरंभीच्या छापील पाकग्रंथांपैकी ‘सूपशास्त्र’ हा ग्रंथ १८७५ साली सिद्ध केला तो रामचंद्र सखाराम गुप्ते या गृहस्थांनी; हजार पाकक्रिया घेऊन लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ आले ते पुढे १९१० मध्ये. गुप्ते स्वतः चुलीशी बसत असत की पाटावर बसून मार्गदर्शन करीत असत, या वादात आम्ही शिरत नाही.

सूनबाईंची कैफियत दोन वाक्यांची होती. “चकली घरचीच आहे, बाबा. फक्त आपल्या घरची नाही, इतकंच.”

या युक्तिवादात कायद्याच्या दृष्टीने काही दोष आम्हांस तरी काढता आला नाही. आजोबांनी मात्र परंपरेचा पुरावा म्हणून आषाढी एकादशीची साबुदाण्याची खिचडी पुढे केली, आणि येथेच त्यांचा घात झाला. कारण बंगळूरला संगणकाची नोकरी करणारा नातू त्या वेळी दूरध्वनीच्या पडद्यावर उपस्थित होता, आणि त्याने उलटतपासणीस प्रारंभ केला. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा, आणि त्याचे दाणे पाडण्याचे कारखाने तामिळनाडूतील सेलम भागात उभे राहिले ते १९४० च्या दशकात, म्हणजे आजोबांच्या जन्माच्या मागेपुढे. शेंगदाणा, मिरची आणि बटाटा हेही अमेरिकेकडचेच रहिवासी, पोर्तुगीज आल्यानंतर इकडे स्थायिक झालेले. तात्पर्य, ज्या दिवशी पावित्र्यासाठी ज्वारी आणि तूरडाळ या जुन्या मिरासदारांना घराबाहेर उभे करावयाचे, नेमक्या त्या दिवशी पानात समुद्रापलीकडच्या चौघांची पंगत बसते, आणि खिचडीच्या सातबाऱ्यावर जुने नाव म्हणून तुपाजिऱ्याचे तेवढे उरते. आजोबांनी पोराचे बोलणे वात्रटपणाचे ठरवून कामकाजातून वगळले.

पण नातवाचेही दप्तर तपासण्यासारखे आहे. त्याच्या भाड्याच्या घरात तोळामासा दाखविणारा विद्युत्काटा आहे, तेलाविना तळण्याचे यंत्र आहे, आणि घरच्या स्वयंपाकाविषयी त्याला इतकी आस्था आहे की आजी थालीपीठ थापीत असता तिचे हात चित्रित करून त्याने ते चलच्चित्र जगजाहीर केले. थालीपीठ मात्र थंड झाल्यावर खाल्ले. कृती विचारण्यासाठी तो आजीला नेहमी फोन करतो. “आजी, पाणी किती मिली?” “पीठ मागेल तेवढं घाल रे.” “आणि पीठ मागतं कधी?” या प्रश्नावर आजीजवळ उत्तर नसते, कारण तिच्यापाशी पिठाने आजवर कधी लेखी अर्ज केलेला नाही.

या आजीच्या फडताळात कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आहे, लग्नात आहेर म्हणून आलेली, तेलाच्या डागांनी पाने पारदर्शक झालेली. तिला आता घराण्याच्या पोथीचा मान आहे. पण १९७० साली वाटीचमच्याची मापे देणारे हे पुस्तक जेव्हा नव्या नवरीच्या हाती पडले, तेव्हा तिच्या सासूबाईंनी ‘आता पुस्तकात बघून फोडणी घालणार का?’ असे म्हणून नाक मुरडले होते, आणि पुढे पाट्याच्या जागी मिक्सर आला तेव्हा चटणीच मेली असे जाहीर केले होते. आज त्याच मिक्सरच्या चटणीला नातू ‘आजीच्या हातची अस्सल चव’ म्हणतो. कोणतीही नवी सोय एक पिढी तग धरून राहिली की तिला परंपरेची सनद आपोआप मिळते. या हिशेबाने नातवाचे तेलाविना तळणारे यंत्र २०६० च्या सुमारास कुलाचारात दाखल व्हावयास हरकत नाही.

अखेर सूनबाईंनी आजोबांना सरळ विचारले, “बाबा, तुम्हांला सगळ्यांत आवडलेलं घरचं जेवण कोणतं?” आजोबा क्षणभर थांबले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. लालबागेत, गिरणीच्या कचेरीत कारकून असताना, मालवणकडच्या एका बाईंच्या दहा बाय बाराच्या खोलीत मिळणारी तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि शुक्रवारचे बांगड्याचे कालवण यांचे वर्णन त्यांनी इतक्या तपशिलाने केले की ऐकणाऱ्यांच्या तोंडास पाणी सुटले. त्या जेवणाचे पैसे ते महिन्याच्या महिन्याला मोजून देत असत, ही बाब त्यांच्या लक्षात आली नाही, सूनबाईंच्या आली. गिरणगावातील हजारो कामगारांचे घरचे जेवण असे दुसऱ्याच्या घरचे होते, आणि ते रांधणाऱ्या बाया उधारीवर शिधा आणून सावकारी व्याजात बुडत होत्या, म्हणून तर १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकांची कर्जे मिळवून दिली. तेव्हा शेजारच्या इमारतीतील चकलीवाल्या बाई आणि लालबागेच्या त्या अन्नदात्या यांच्यात फरक काय, तर एकीची चव आजोबांनी पंचविशीत घेतली आणि दुसरीची ऐंशीनंतर, एवढाच.

आजीची जबानी कोणी घेतली नव्हती. तिने ती आपण होऊन दिली. “घरचं जेवण म्हणजे, जे मी केलं नाही आणि मला कुणी गरम वाढलं, ते. तसं मला एकदाच मिळालं, बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा. आता कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून पोळ्या येतात. जाड असतात. पण मी सगळ्यांबरोबर बसते.” ही जबानी फिर्यादीच्या विरुद्ध जाते असे पाहून आजोबांनी ती विषयांतर म्हणून नोंदविली.

निकाल असा झाला, की यंदाची चकली चवीला बरी असल्यामुळे आणि अर्धी संपल्यामुळे परत करता येत नाही. मात्र पुढील वर्षापासून फराळ घरातच व्हावा, त्यात कुटुंबातील प्रत्येकाने हातभार लावावा, आणि मीठमोहन पाहून अभिप्राय देण्याची जोखीम खुद्द आजोबांनी पत्करावी. नातवाने दुरुस्ती सुचविली की चव आजी पाहील, आजोबांनी सोऱ्या फिरवावा. आजोबांनी गुडघ्याच्या जुन्या दुखण्याचे कारण सांगून असमर्थता व्यक्त केली. सोऱ्या हाताने फिरवितात ही माहिती त्यांना तेव्हाच प्रथम मिळाली.