काचेतली करवत
जर्मनीत १९५९ साली आलेली श्टिल कॉन्ट्रा ही गिअर नसलेली, ६ अश्वशक्तीची चेनसॉ. तिने जंगलातल्या कुऱ्हाडींना घरी बसवलं. आता संग्राहकांनी तिलाच घरी बसवलंय. कार्ब्युरेटरचा पडदा नवा, पिस्टन चकचकीत, रंग तर नवरीसारखा. पण पेट्रोलचं नाव काढा, मालक दचकतो. ओरखडा पडेल ना! नुसती ठेवली तर रबर कडक होतं, सील सुकतात. चालवली तर चेन ब्रेकचा पत्ता नाही, हात मात्र संध्याकाळपर्यंत थरथरतात. मग तोडगा निघतो: रविवारी अंगणात पाच मिनिटं गुरगुरवायची, पाहुण्यांनी माना डोलवायच्या, आणि पुसूनबिसून पुन्हा कपाटात. सरपण? ते बॅटरीवाल्या करवतीने कापतात की. शेजाऱ्याच्या.