अण्णांचा खेकडा

अण्णांच्या मुलीने झुरिकहून लेगोचं ते खोकं आणलं, ते खरं तर तिच्या आठ वर्षांच्या भाच्यासाठी, म्हणजे अण्णांच्या नातवासाठी. आत होती ‘क्रोकोडाइल’, म्हणजे गोठार्डच्या घाटात मालगाड्या ओढणाऱ्या स्विस इंजिनाची प्रतिकृती. तुकडे 1271. भाच्याने पाहिलं ते खोक्यावरचं चित्र, तेवढंच. अण्णांनी चष्मा चढवला आणि जत्रेत हरवलेला भाऊ सापडावा तसे ओरडले, ‘‘अरे, हा तर आपला खेकडा!’’

अण्णा रेल्वेतले नव्हेत. 34 वर्षं बँकेत होते. पण कल्याण ते व्हीटी दारात लटकून जे ज्ञान मिळतं, ते लोको शेडमध्येही मिळत नाही, असं त्यांचं मत आहे. शेडमधल्या माणसांनाही ते हेच ऐकवतात. खेकडा म्हणजे बोरघाटात मालगाड्या चढवणारं जुनं विजेचं इंजिन. एकूण 41 आली. 10 स्वित्झर्लंडच्या विंटरथूरची, बाकीची 31 इंग्लंडची. उभं असलं की कण्हायचं.

मगरीचा खेकडा करायचा तर पहिला घाव पायांवर. स्विस इंजिनाला दोन्ही टोकांना एकेक जादा चाकजोडी असते. ती नुसती भार वाहते, ओढत काही नाही. ‘‘आमच्या ब्रँचलाही असे दोघे होते,’’ म्हणत अण्णांनी त्या उपटल्या. मग गेजचं दुःख. स्विस रूळ 1435 मिलिमीटरचा, आपला 1676 चा. लेगोचा मात्र एकच. म्हणजे त्याच रुळावर आपलं इंजिन प्रमाणात लहान करावं लागणार. ‘‘आपला रूळ रुंद, आणि त्याची शिक्षा आपल्याच इंजिनाला!’’ या अन्यायापायी अण्णा तीन रात्री झोपले नाहीत.

खरा धर्मसंकटाचा भाग पुढेच होता. लेगोवाल्यांत सोवळं कडक: डिंक नाही, रंग नाही, कानस तर नाहीच, आणि परक्या कंपनीचा तुकडा म्हणजे साक्षात विटाळ. पण खेकड्याच्या दांड्या डेन्मार्क करत नाही. शेवटी वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या पोराने थ्रीडी प्रिंटरवर त्या काढून दिल्या. वळणावर अडतात म्हणून मधल्या चाकांची कड अण्णांनी दार लावून घासली. काकूंचा मिसळणाचा डबा तेव्हापासून दिवाणखान्यात आहे: हळदीच्या वाटीत सोवळे तुकडे, मोहरीच्या वाटीत ओवळे. आमटीत एकदा पँटोग्राफ निघाला, तो ओवळा होता एवढंच समाधान.

आवाजाचा तुकडा मात्र कुठेच मिळेना. तो अण्णा स्वतःच काढत. पहिल्या दिवशी काकू वाटीभर ओवा घेऊन धावत आल्या, ‘‘अहो, पोटात दुखतंय का?’’ नंतर त्यांनी येणंच सोडलं.

चाचणीला मला बोलावलं. बोरघाटाचा चढ 37 ला 1, म्हणून 37 इंचांची फळी आणि एका टोकाखाली इंचभर जुन्या पासबुकांची चवड. खेकडा निघाला आणि निम्म्यावर प्लॅस्टिकची चाकं जागच्या जागी गरगरू लागली. मी म्हटलं, ‘‘अण्णा, मोटर जरा मोठी...’’

‘‘कर्जतला काय करतात? मागून ढकलायला बँकर इंजिन लावतात! अरे, 34 वर्षं बँकेत काढली आहेत, मला बँकर शिकवू नकोस.’’ आणि महिन्यात पहिल्यांदाच नातवाला हाक गेली, ‘‘लाव रे बोट!’’

पोराने महिन्याभराची सगळी इच्छा त्या बोटात ओतली. खेकडा खंडाळ्याला पोहोचला, लोणावळ्याला थांबला नाही. फळीला पलीकडे उतारच नव्हता.

तुकडे सोफ्याखालपर्यंत गेले. दिवाणखान्यात कण्हण्याचा लांब आवाज सुरू झाला.

‘‘पुरे आता तो खेकडा!’’ काकू आतूनच म्हणाल्या.