डिक्की सोयाबीनची, छाती शेजाऱ्याची

कारंजा तालुक्यातल्या धनजमध्ये मोटारीची डिक्की ही घराची मागची खोली असते. बियाण्याच्या थैल्या, फवारणीचा पंप, लेकीच्या सासरी पोचवायच्या कुरडया, दवाखान्यातून परतणाऱ्या आजीचं गाठोडं, सगळं तिथेच. म्हणून गावातल्या एका पोट्ट्याने सेकंडहँड अल्टोत बेस वाढवायचा ठराव मांडला, तेव्हा बापाने एकच उपसूचना दिली: "वाजव लेका, पण डिक्कीले हात लावला त पाह्य!"

ठराव उपसूचनेसह मंजूर झाला. अडचण एवढीच, की भौतिकशास्त्र ग्रामसभेला जुमानत नाही. अमेरिकेतल्या केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला शेवटचा एच म्हणजे हॉफमन. हा गृहस्थ साठच्या दशकातच सांगून गेला, की खोल बेस, लहान पेटी आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी पदरात पडतील. तिन्ही एकदम फक्त जाहीरनाम्यात मिळतात. 12 इंची वूफरला बंद पेटी हवी साधारण 28 लिटरची. भोकवाली घ्याल तर जवळपास दुप्पट, वर लाकडाची जाडी वेगळी. अल्टो के10 ची डिक्की 214 लिटर, म्हणजे 50 किलोची सोयाबीनची तीन पोती. भोकवाली पेटी आत आली की एक पोतं बाहेर. सध्याच्या भावात एक पोतं घरी राहिलं तरी काही बिघडत नाही, असा युक्तिवाद पोट्ट्याने करून पाहिला. हिशेब बरोबर होता, म्हणूनच बापाला जास्त राग आला.

मग कार डेकोरच्या दुकानात सल्लामसलत झाली. सीटखाली बसणारा चपटा वूफर निघाला, ॲम्प्लिफायर पोटातच असलेला, गाण्यापुरता उत्तम. तो पोट्ट्याने तिथल्या तिथे नापास केला: "भौ, यानं कान हालते, छाती नाई हालत." तेव्हा पेटी आली स्टेपनीच्या खळग्यात बसणारी. डिक्की शाबूत, बापाचा शब्द शाबूत, फक्त स्टेपनी गोठ्यात. कारंजा तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. 120 च्या वेगाला परवानगी असलेल्या, तापलेल्या सिमेंटच्या त्या रस्त्यावर टायर फुटलं, तर आपला गडी वूफर लावून पुढे जाणार आहे.

पेटीवर सोनेरी अक्षरांत 3000 वॅट लिहिलंय. तिच्या वायरीला फ्यूज 20 अँपिअरचा. बॅटरी 12 व्होल्टची. बारा विसे दोनशे चाळीस. उरलेले 2760 वॅट स्टिकरमधून येत असावेत.

आता यातली खरी गंमत ऐका. 40 हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास, आणि अख्खी अल्टो साडेतीन मीटरची. एवढी लांब लाट बंद गाडीत मावत नाही. आतल्या हवेचा दाब वरखाली होतो आणि बेस आपोआप चढतो. म्हणजे काचा वर केल्या, की निसर्ग पदरचा बेस घालतो, तोही जीएसटीशिवाय. पण काचा वर असल्या तर स्टँडवरच्या लोकांना कळणार कसं? म्हणून काचा खाली. काचा खाली, की आतला बेस गळतो. गळाला, की आवाज वाढवायचा. बाहेरच्यांना ऐकू येतो तो बेस थोडा, नंबरप्लेटीचा आणि पत्र्याचा खडखडाट फार. पानठेल्यावरची बरणी मात्र प्रामाणिकपणे थरथरते.

तक्रार कराल? जरूर करा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. मात्र ती ज्या ए मापावर मोजतात, ते आपल्या कानासारखंच खालच्या सुरांना कमी भाव देतं. 50 हर्ट्झच्या ठोक्यातून ते सरळ 30 डेसिबल वजा करतं. 90 चा दणका मीटरवर 60 दिसतो. बाजार समितीतही एवढी घट कोणी लावत नाही. शेजारच्या म्हाताऱ्याची छाती हे प्रमाणित उपकरण नसल्यामुळे तिची नोंद कुठेच होत नाही.

शेवटी रेडिओ दुरुस्त करण्यात हयात गेलेल्या एका काकांनी गाडीच्या दाराचं पॅनल उघडलं. एका स्पीकरच्या वायरी उलट्या जोडलेल्या; एक पडदा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि दोघं मिळून बेस खाऊन टाकतात. काकांनी वायरी सरळ केल्या, दाराच्या पत्र्यातली भोकं चिकटपट्टीच्या शीटने बुजवली. गाडी घुमायला लागली. पेटी नको, खळगा नको, खर्च चहापुरता.

पोट्ट्याने ऐकलं आणि तोंड पाडलं. "बेस आला काका, पण दिसत नाई ना! पोट्ट्याहिले दाखवू काय?"

स्टेपनी अजून गोठ्यातच आहे. डिक्कीच्या कडेने निळ्या दिव्यांची माळ लावायला बापाची परवानगी मागितली आहे. तिला जागा लागत नाही.